जवस, अंडं आणि जट

आमच्या घरात गोरा माणूस एकच होता, आमचे आप्पा, आणि तेसुद्धा गिरणी चालू असेपर्यंत. लिंबागणेशपासून पायी अर्ध्या तासावर आमची वस्ती, वस्तीवर रस्त्याला लागून आप्पांची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून आमच्या दोन खोल्या. लाईट आली की आप्पा हातातला चहा तसाच ठेवून उठायचे आणि पट्टा चढवायचे. मग घरात साध्या आवाजात बोलण्यात काही अर्थ नसे. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, ही माणसं सारखी भांडतात. खरं तर आई फक्त मीठ मागत असायची. ज्वारी दळताना गिरणीचा आवाज भरदार असे, डाळ टाकली की तो चिरका व्हायचा, आणि मी आत अभ्यासाला बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे की आता कुणाचं तरी बेसन चाललंय. संध्याकाळी आप्पा भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरे होऊन यायचे, न्हाणीत जायचे आणि बाहेर येताना पुन्हा आमच्यासारखेच काळे. आम्ही तिघंही काळे. सावळे म्हणायची पद्धत आहे, पण मला ती कधीच आवडली नाही, आणि हे सगळं मी सांगतेय म्हटल्यावर शब्दही माझेच असणार.

पाणी मात्र आमचं वाईट. दारातल्या बोअरला पाणी भरपूर, पण इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसायचा आणि डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा दाणा वेगळाच. म्हणून आई डाळीपुरतं पाणी लांबच्या आडावरून आणायची. त्या पाण्याचं घट्ट वरण, गरम भाकरी, जवसाची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार. आज मी कुठंही जेवायला बसले तरी मनातल्या मनात त्या ताटाशी तुलना करते. डाळीला आडाचं पाणी मिळायचं आणि आमच्या डोक्याला बोअरचं. शिकेकाईला फेस येत नसे, केस वाळले की काथ्यासारखे ताठ व्हायचे. माझे केस कमरेच्या खाली आणि मुठीत न मावणारे. आईचा त्या केसांवर फार जीव. "पोरगी काळी हाय, पण केस बघा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या 'पण'चा मला लहानपणापासून राग यायचा. केस माझे होते आणि रंगही माझाच होता, मग एकाबद्दल माफी मागून दुसरा दाखवायची काय गरज, हे मला कळत नसे.

बारावीनंतर मी बीडला कॉलेजात जायला लागले. एसटीनं रोज जाणं-येणं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जुबेदाचाचीचं कटलरीचं दुकान होतं, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, पावडर, लिपस्टिक असलं सगळं. चाची पन्नाशीची, तोंडात कायम सुपारी, हातात कायम काहीतरी पुसायचं फडकं. दुकानाच्या कोपऱ्यात तिनं पत्र्याचा एक डबा ठेवला होता. मोडलेल्या लिपस्टिक, फुटलेल्या कॉम्पॅक्टचे तुकडे, टोपण हरवलेली काजळं, सगळं त्यात. ज्या पोरींना घ्यायचं नसे, नुसतं लावून बघायचं असे, त्यांच्यासाठी तो डबा. "कांडी मोडली तर काय झालं, रंग तर मोडला न्हाई," असं चाची म्हणायची. मी त्या डब्यापाशी किती तास बुडवले ते माझ्या मार्कांवरून कुणालाही कळलं असतं.

कॉम्पॅक्टमध्ये तेव्हा दोनच रंग यायचे, एक गोरा आणि दुसरा त्याहून गोरा. पहिल्यांदा लावून आरशात पाहिलं तर गिरणीतून आलेले आप्पा दिसले. मी हसत सुटले. चाची हसली नाही. तिनं डब्यातली चॉकलेटी लिपस्टिक नखानं खरवडली, क्रीममध्ये कालवली, माझ्या गालावर लावून लांबून बघितलं, मान हलवली, आणखी कालवली. तिसऱ्या वेळी गालावर लावलेलं दिसेनासं झालं. "हा तुझा रंग," ती म्हणाली. "कंपनीला ठाऊक न्हाई, त्याला आपण काय करावं?" माझा रंग झाकायला न जाता कुणीतरी तो शोधून काढला, असा तो पहिलाच दिवस. मला इतका आनंद झाला की मी त्याच भरात एक गडद लाल लिपस्टिक विकत घेतली, दहा रुपयेवाली, जिनं ओठ तासभर चुरचुरायचे. सकाळी एसटीत बसलं की ती लावायची आणि परतताना लिंबागणेश यायच्या आत ओढणीनं पुसून टाकायची. माझ्या सगळ्या ओढण्यांचं एक टोक आतून लाल असायचं आणि धुताना मी ते आधी धुवून घ्यायचे.

केसांसाठी मात्र चाची डब्यातलं काही देत नसे. ती दोन बोटांत एक केस ताणून बघायची आणि विचारायची, "पाणी कोणतं? नळाचं, आडाचं का बोअरचं?" त्यावर ठरायचं, खोबरेल किती, तीळ किती, एरंडेल किती. प्रत्येकीची बाटली वेगळी आणि बाटलीवर चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर 'बोअर, जाड, लई गुंता' असं होतं. परवा माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं मोबाईलवरून खास तिच्या केसांसाठी बनवलेला शाम्पू मागवला. बाटलीवर तिचं नाव छापून आलं होतं. केस कसे, झोप किती, चिंता किती, असे ढीगभर प्रश्न त्यांनी तिला विचारले म्हणे. ती मला कौतुकानं दाखवत होती आणि मी छान आहे गं, छान आहे म्हणत होते, पण माझ्या डोक्यात चाचीच्या त्या मांडणीवरच्या बाटल्यांची ओळ होती.

चाचीनं मला तेलाबरोबर एक गोष्ट सांगितली होती. जवस उकळायचं, त्याचा चीक फडक्यातून गाळून केसांना लावायचा आणि सुकायच्या आत आडाच्या गार पाण्यानं धुवायचा. एवढंच. पण मी गिरणीवाल्याची पोरगी. एका धान्यावर माझं समाधान कसं होणार? मी त्यात बेसन घातलं, उडदाचं पीठ घातलं, भिजवलेली मेथी वाटून घातली, आणि कॉलेजातल्या कुणीतरी चमक येते म्हणून सांगितलं होतं म्हणून वर एक अंडं फोडलं. तो मंगळवार होता. मंगळवारी आमच्या घरात अंड्याचं नावही काढत नसत, पण मंगळवारीच आई देवीच्या देवळात जायची आणि घर रिकामं मिळायचं. चीक सुकेपर्यंत मी आरशात ओठ रंगवत बसले. मग आई येताना दिसली, मी घाबरले आणि आडाचं पाणी आणायला वेळ नाही म्हणून बंबातलं कढत बोअरचं पाणी डोक्यावर ओतलं. अंडं डोक्यावरच शिजलं. पिठांची खळ झाली. मी ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा बांधला, उद्या बघू म्हणाले, आणि उद्या मला ताप भरला.

मुदतीचा ताप. बारा दिवस मी पडून होते. आई येता-जाता त्या अंबाड्यावर तेल थापायची, थंडावा मिळावा म्हणून. तेराव्या दिवशी तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं, अंबाडा सोडायला गेली, तर सुटायला त्यात काही उरलंच नव्हतं. मनगटाएवढा एक कडक दांडा झाला होता. फणी आत जाईना. आईनं दोनदा प्रयत्न केला आणि तिच्या हातातून फणी गळून पडली. "अगं बाई," ती म्हणाली, "पोरीला जट आली." आणि माझ्या आईनं, जी मला दिवसातून चार वेळा कार्टे म्हणायची, तिनं खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्याच दिवशी रखमाक्काला बोलावलं. रखमाक्का आमच्या भागातली देवीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात जोगवा मागायची परडी आणि डोक्यावर चाळीस वर्षांची जट, हिरव्या फडक्यात गुंडाळलेली. मान थोडी एका बाजूला कललेली असायची. तिनं माझ्या जटेला हळद-कुंकू लावलं, हिरवं फडकं बांधलं आणि सांगितलं, देवीनं जागा धरली हाय. फणी लावायची न्हाई, साबण लावायचा न्हाई, मंगळवारशिवाय फडकं सोडायचं न्हाई. येत्या पौर्णिमेला, म्हणजे दोन आठवड्यांनी सोमवारी, गळ्यात माळ घालायची आणि परडी हातात द्यायची. आप्पांनी कॉलेजचं विचारलं. "देवीच्या पोरीला कसलं आलंय कॉलेज?" आक्का म्हणाली, आणि विषय संपला.

आता खरं सांगते, पहिले काही दिवस मला मजा वाटली. भांडी सुटली, शेण सुटलं, पुरणाचं पहिलं ताट माझ्यापुढं येऊ लागलं. दळणाला येणाऱ्या बाया डोक्यावरची पाटी खाली ठेवून आधी माझ्या पाया पडायच्या. त्यात मला काळीढुस म्हणणाऱ्याही होत्या, आणि मी त्यांच्या डोक्यावर जरा जोरातच हात ठेवायचे. शिवाय अंड्याचं सांगायचं धाडस नव्हतं. पण जट डोक्याला ओढत होती, आतून खाजत होती, वास मारत होती, आणि पुढच्या मंगळवारी रखमाक्का पूजेला आली असताना आईनं माझी पिशवी उघडली. लिपस्टिक, चाचीनं कालवून दिलेली क्रीमची डबी, काजळ, तेलाची बाटली, सगळं तिनं चिमटीत धरून उकिरड्यावर टाकलं. "देवीच्या अंगाला असलं चालत न्हाई." माझा रंग जिच्यात होता ती डबी शेणात पडलेली मी दारातून बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"देवी न्हाई ती," मी ओरडले. गिरणी चालू होती म्हणून आणखी जोरात ओरडले. "अंडं हाय ते! जवस, बेसन अन् अंडं! मीच लावलंतं, मंगळवारचं!" आईनं काडकन् माझ्या मुस्काटात दिली. देवी डोक्यावर असताना दिली. नंतर तिच्या ते लक्षात आलं आणि ती स्वतःच्या गालावर मारून घेऊ लागली. रखमाक्का जागची हलली नाही. शांतपणे म्हणाली, "मंगळवारी अंडं लावायची बुद्धी कुणी दिली तुला? तिनंच ना? तिला यायचंच व्हतं. अंडं निमित्त." खरं बोलून सुटका होईल असं मला वाटलं होतं, आणि इथं माझं खरंसुद्धा तिच्याच परडीत जाऊन पडलं होतं. त्या दिवशी मला समजलं की आता बोलून काही होणार नाही, हातानंच काहीतरी करावं लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा जेवता जेवता भाकरीकडे बघत म्हणाले, "कॉलेजात तोंडी परीक्षा हाय तिची. चार दिवस. तेवढी देऊ दे, मग बसंल घरी." परीक्षा नव्हती. आप्पांना माझ्या कॉलेजचं नावही नीट सांगता येत नसे, परीक्षा कुठून कळणार? मी त्यांच्याकडे पाहिलं, ते जेवतच राहिले. मी निघताना त्यांनी पोती शिवायचा दाभण कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि गिरणीचा पट्टा चढवला. आम्ही यावर पुढं आयुष्यात कधीही एक शब्द बोललो नाही.

चाचीनं जट बघितली आणि दोन पावलं मागं सरकली. "सुनंदा, बेटा, ही तुमच्या देवाची बात हाय. उद्या कुणी म्हणलं, मुसलमान बाईनं जट काढली, तर दुकान ठेवतील का माझं?" तिचं खरं होतं. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागले. ती थोडा वेळ बांगड्या पुसत राहिली. मग म्हणाली, "पाणी कोणतं ओतलं व्हतं?" मी सांगितलं. "कढत? अन् बोअरचं? कावून ग, अक्कल कुठं गेलती?" आणि मागच्या खोलीचा पडदा सरकवून म्हणाली, "हात तुझा, तेल माझं. मी बोट लावणार न्हाई."

पहिल्या दुपारी नुसतं तेल. खोबरेल आणि एरंडेल कोमट करून तिनं वाटीत दिलं आणि मी ते थेंब थेंब जिरवत बसले. दुसऱ्या दुपारी दाभण घेतला आणि टोकाकडून एक एक केस उसवायला लागले. पिवळट, पांढरट खपल्या मांडीवर पडत होत्या. मला भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चाळीस वर्षं एक बाई जे डोक्यावर वागवते ते सगळंच खोटं कसं असेल, असं सारखं वाटायचं. शेवटी मी मोठ्यांदा म्हणाले, "तू असशील तर अस, पण माझ्या डोक्यावर नको." तिसऱ्या दुपारी चाचीनं प्यायच्या पाण्याचा जार दिला आणि त्या पाण्यात हळद-कुंकू निघालं, मोरी लालभडक झाली. चाची मधूनच पडद्याआडून विचारायची, "किती राहिलं?" आणि मी हातानं दाखवायचे. रोज संध्याकाळी हिरवं फडकं पुन्हा घट्ट बांधून घरी. चौथ्या दुपारी मुळाजवळचा शेवटचा गोळा सुटला. मूठभर केस हातात आले, टाळूला दोन ठिकाणी रक्त आलं, बोटांना फोड आले. पण फणी कपाळापासून टोकापर्यंत गेली. कापावं लागलं नाही. चाचीनं आत येऊन बघितलं आणि क्रीममध्ये चॉकलेटी कांडी कालवायला घेतली.

त्या दिवशी मी ओठ पुसले नाहीत. नवीन लाल लिपस्टिक, माझ्या रंगाचा गाल, मोकळे केस, अशी मी लिंबागणेशला उतरले आणि अर्धा तास रस्त्याच्या मधून चालत आले. पारावरची माणसं माना वळवून बघायला लागली. ज्या बाया पाया पडल्या होत्या त्या दारातून आत गेल्या. जाऊ देत, म्हटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आप्पांना साधं पडसं झालं तरी आई माझ्या डोक्याकडे बघायची, हेही सांगून ठेवते. आप्पा गेले तेव्हा तर सगळ्या भावकीनं बघितलं. मी खाली मान घातली नाही. त्यांच्या बघण्याची सवय होते, जटेची झाली नसती.

घरात रखमाक्का बसलेली होती, सोमवारची परडी ठरवायला. मला बघून आईनं हंबरडा फोडला आणि आक्काच्या पायांवर पडली. "पोरगी नादान हाय, माफ करा, आक्का, घरावर कोप नको." मी उंबऱ्यातच उभी राहिले. ती शाप देईल, अंगात आणून घुमेल, असं धरून चालले होते आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते अर्धा तास रस्त्यानं पाठ करत आले होते. गिरणी थांबली. आप्पा मधल्या दारात येऊन उभे राहिले, पांढरेफटक. आक्कानं मला जवळ बोलावलं. माझे केस हातात घेतले, वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली, वास घेतला. खूप वेळ तिनं ते सोडले नाहीत.

"दुखलं का गं?" तिनं विचारलं.

पाठ केलेलं सगळं मी विसरले. "मला दुखलं," मी म्हणाले. "देवीला काय झालं न्हाई."

"किती दिवस लागले?"

"चार दुपारा."

तिचा हात आपोआप स्वतःच्या हिरव्या फडक्याकडे गेला. आईचं रडणं एकदम थांबलं. आक्का खाली बघत, आम्हा कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "माझी लई जुनी हाय, पोरी."

"जुनी असली तर आठ लागतील, आक्का," मी म्हणाले, आणि कागदात गुंडाळलेला दाभण तिच्यापुढं ठेवला.